भावाला माफ केल्याशिवाय देवाकडे दया मागू नये का?

(पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या ५६ वर्षांच्या एका कॅथलिक भगिनीचं हे पत्र आहे. त्यांचे वडील मृत्युपत्र न करता गेले. काही महिन्यांनी मोठ्या भावाने ‘सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवायची आहेत’ असं सांगून त्यांना दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं आणि कागदांवर सह्या, अंगठे घेतले. भाऊच तो, म्हणून त्यांनी कागद वाचले नाहीत. ते हक्कसोडपत्र होतं. पुढे वाडी बिल्डरला विकली गेली आणि त्यांच्या हाती काहीच आलं नाही. हे कळलं त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद आहे. आईच्या अंत्यविधीलाही बहीण-भाऊ दोन बाजूंना उभे होते.

आता भावाची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालतं. ‘ते तुमची आठवण काढतात, एकदा येऊन जा,’ असा वहिनीचा निरोप आला आहे. पती म्हणतात, ‘किडनीसाठी बोलावतायत, जाऊ नकोस.’ प्रार्थना गटातल्या एक बाई म्हणतात, ‘भावाला माफ केलं नाहीस म्हणूनच तुझ्या मुलीचं लग्न जमत नाही.’ या भगिनी रोज दुपारी तीन वाजता दैवी करुणेची माळ म्हणतात. पण भावाचं आजारपण कळलं तेव्हा त्यांच्या मनात आधी आलं ते ‘देवाने न्याय केला’. त्या दिवसापासून त्यांनी मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) ख्रिस्तप्रसाद घेतलेला नाही. त्या विचारतात: मी स्वतः दया करत नसेन, तर देवाच्या दयेवर भरवसा ठेवायचा मला काय अधिकार? आणि मी भावाकडे गेलंच पाहिजे का?

प्रिय ताई,

देवाची दया माझ्यासाठी आहे का, हा तुमचा पहिला प्रश्न. भावाकडे जाऊ का, हा दुसरा. पत्र वाचताना सारखं जाणवत राहिलं की तुम्ही पहिल्याचं उत्तर दुसऱ्यावर टांगून ठेवलंय. आधी भावाला माफ करायचं, मगच देवापुढे हात पसरायचे, असा क्रम तुम्ही मनाशी पक्का केला आहे. गेले कित्येक महिने तुमची जी घुसमट चालली आहे ती मला या क्रमामुळे वाटते, आणि शुभवर्तमानात तो असा नाही.

‘मत्तयच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातला निर्दय चाकर तो मीच,’ असं तुम्ही लिहिलंय. तो दाखला पुन्हा उघडा आणि या वेळी आकड्यांकडे बघा. चाकर राजाला दहा हजार तालान्त देणं लागत होता. एक तालान्त म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही मजुराची दिवसभराची मजुरी. वर्षाचे तीनशे दिवस राबून सगळी कमाई राजाला दिली, तरी हे कर्ज फिटायला दोन लाख वर्षं लागली असती. चाकर माफी मागतच नाही. तो मुदत मागतो, ‘सगळं फेडतो’ म्हणतो, जे त्याला सात जन्मांत जमणार नाही. राजा मुदत देत बसत नाही, कर्जच सोडून देतो. तोवर चाकराने कुणाचं काही सोडलेलं नाही आणि राजानेही त्याला तसं काही विचारलेलं नाही. दया आधी येते, तिची परीक्षा नंतर होते.

आता दुसरा आकडा. सोबत्याकडून चाकराला शंभर दिनार येणं होतं. पुष्कळ प्रवचनांत ही रक्कम चिल्लर म्हणून सांगितली जाते. मला ते मान्य नाही. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे हातावर पोट असलेल्याचे तीन-साडेतीन महिने. एवढे पैसे बुडाले तर त्याच्या घरची चूल थंडावते. येशूने दाखल्यासाठी खरंखुरं, जिव्हारी लागणारं नुकसान निवडलं आहे. वाडीतला तुमचा वाटा हे तुमचे शंभर दिनार आहेत. राजाच्या कर्जापुढे ते लहान असतील, पण तुमच्या आयुष्यात लहान नाहीत, आणि ‘जाऊ दे गं, जमिनीचं काय एवढं’ म्हणणाऱ्यांचं तुम्ही मनावर घेऊ नका.

दाखल्याचा शेवट कडक आहे, आणि तो सौम्य करून सांगण्याचा मला अधिकार नाही. जो मनापासून क्षमा करत नाही त्याची गत त्या चाकरासारखी होईल, असं येशू उघड सांगतो. पण चाकराने काय केलं तेही वाचा. त्याने सोबत्याचा गळा धरला. सोबती पाया पडला तरी ऐकलं नाही आणि त्याला तुरुंगात टाकलं. राजाने पुन्हा बोलावेपर्यंत या माणसाला आपलं काही चुकलं असं वाटल्याचं दाखल्यात कुठेही नाही. तुम्हाला मात्र रात्री झोप लागत नाही. भावाचा गळा तुम्ही कधी धरलेला नाही. राग आहे, पण त्या रागाला मोठं करायचं की सोडायचं यावर तुमची देवाशी रोज झटापट चालली आहे. चाकराच्या जागी तुम्ही स्वतःला उभं केलंत, ते मला अन्यायाचं वाटतं.

अधिकाराबद्दल विचारलंत, म्हणून तुम्ही जी माळ म्हणता तिच्याकडेच वळते. ती ज्यांच्याकडून आली त्या संत फॉस्तिना कोवाल्स्का यांना १९३१ साली पोलंडमधल्या प्वोत्स्क इथल्या मठात येशूचं दर्शन झालं आणि त्याचं चित्र काढून त्याखाली ‘येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे’ असं लिहायला सांगितलं गेलं. त्यांच्या दैनंदिनीत येशूच्या तोंडी असं आहे की पापी जितका मोठा, तितका त्याचा माझ्या दयेवर हक्क मोठा. यात चांगलं वागणाऱ्याला हक्क आणि चुकणाऱ्याला मनाई, असा हिशेब नाही. त्यामुळे तीन वाजता माळ हातात घेताना ‘मी ढोंगी तर नाही ना’ हा विचार आला, तरी माळ खाली ठेवू नका. ढोंग करणाऱ्याला आपण ढोंगी असल्याची अशी भीती सहसा वाटत नाही.

‘देवाने न्याय केला’ हा विचार तुम्हाला सगळ्यात जास्त जाळतोय. दुखावलेल्या माणसाच्या मनात असा विचार विजेसारखा येतो, विचारून येत नाही. आलेला विचार आणि पोसलेला विचार यांत फरक आहे. तुम्ही तो पोसला नाही, उलट त्याला भिऊन ख्रिस्तप्रसाद सोडलात. म्हणून माझी पहिली विनंती ही की याच आठवड्यात फादरांकडे जाऊन पापनिवेदन करा. जे झालं ते चार वाक्यांत सांगा, भावाची सगळी कहाणी सांगायची गरज नाही. ‘मला क्षमा करायची इच्छा आहे, पण अजून जमत नाही’ असं म्हणा. ते निवेदन अपुरं नाही. आजाऱ्याने बरं होईपर्यंत औषध लांब ठेवावं, तसं तुम्ही ख्रिस्तप्रसादाचं केलंय.

त्या विचारातली समजूत मात्र तपासून घ्या, कारण प्रार्थना गटातल्या बाईंचं म्हणणं त्याच मुशीतलं आहे. भावाला आजार झाला म्हणजे देवाने शिक्षा केली, आणि मुलीचं लग्न जमत नाही म्हणजे देवाने तुम्हाला शिक्षा केली. दोन्हीकडे देव दुसऱ्याच्या घरातल्या अडचणी मोजून निकाल देत बसलेला दिसतो. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा जण ठार झाले, तेव्हा येशूने लोकांना विचारलं की ते बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? उत्तरही त्यानेच दिलं, नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी ‘पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं’ असं विचारलं, तेव्हाही तो म्हणाला, याचंही नाही आणि यांचंही नाही. मूत्रपिंडं मधुमेहाने, रक्तदाबाने आणि इतर कितीतरी कारणांनी निकामी होतात. लग्न न जमण्याची कारणंही जगभरची आहेत. त्या बाईंना पुढच्या वेळी एवढंच सांगा, ‘माझ्यासाठी प्रार्थना करा, पण मुलीच्या लग्नाचा विषय यात आणू नका.’ मुलीच्या कानावर हे आधीच गेलं असेल, तर तिला जवळ बसवून हे खरं नाही असं तुमच्या तोंडून सांगा. आईच्या मनातल्या रागाचं ओझं तिने का वाहावं?

आता जमिनीकडे येऊ. क्षमा म्हणजे ‘काही झालंच नाही’ असं धरून चालणं, हे तुमच्या पत्रात ओळींमागे सतत आहे. पण काही झालंच नसेल तर क्षमा कशाची? जे झालं त्याला नाव द्या: भावाने विश्वासाचा फायदा घेऊन फसवलं. वडील मृत्युपत्र न करता गेले, म्हणजे आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे एक तृतीयांश वाटा आईचा आणि उरलेला मुलांमध्ये सारखा. मुलगा-मुलगी हा भेद त्यात नाही. म्हणजे आई, भाऊ आणि तुम्ही, असे तीन सारखे वाटे. तुमचा तिसरा हिस्सा होता. माहेरी हक्क मागितला म्हणजे मुलगी लोभी, हे आपल्या पट्ट्यात अजून कुजबुजलं जातं. तुम्ही लोभी नव्हतात.

एकदा वकिलाकडे जाऊन या. फसवून घेतलेला दस्त रद्द करण्याचा दावा फसवणूक कळल्यापासून साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो, आणि तुमची सहा उलटली आहेत. दार बहुधा बंद झालंय. तरी वकिलाला कागद दाखवा. आपल्या हातात नेमकं काय उरलंय हे कळलं, म्हणजे तुम्ही काय सोडताय हेही कळेल. काही करता येत नाही म्हणून गप्प बसणं आणि येणं आहे हे ठाऊक असून सोडणं, यांतली दुसरी गोष्ट क्षमा आहे. वकील ‘अजून वाट आहे’ म्हणाला आणि तुम्ही त्या वाटेने जायचं ठरवलंत, तरी तुम्ही क्षमाहीन ठरत नाही. हक्क मागणं आणि सूड घेणं एक नव्हे.

क्षमा तुमच्या हातात आहे. भरपाई भावाच्या हातात आहे. जकातदार जक्कयाच्या घरी येशू गेला तेव्हा जक्कय स्वतःहून म्हणाला की ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत देतो. ‘आज या घराला तारण प्राप्त झालं’ हे येशूचे शब्द त्यानंतर आले. पैसे खाऊन नुसतं ‘सॉरी’ म्हणणं चर्चच्या शिकवणीतही पुरेसं नाही, घेतलेलं परत करावं लागतं. म्हणून कधी वेळ आलीच, तर भावाला ‘दादा, तू मला फसवलंस’ हे वाक्य सांगणंही दयेचंच काम असेल. ते त्याला कुणीच सांगितलं नाही, तर तो ते ओझं सोबतच घेऊन जाईल. फक्त पहिल्या भेटीत आणि डायलिसिसच्या खुर्चीपाशी नको.

वेळ लागतो म्हणून घाबरू नका. चर्चने ‘धन्य’ म्हणून घोषित केलेल्या केरळच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात भूमिहीन आदिवासींसाठी काम करायच्या. सावकारांच्या डोळ्यांत ते खुपलं आणि २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये भाडोत्री माणसाने त्यांचा भोसकून खून केला. त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी यांनी, २००२ मध्ये रक्षाबंधनाला तुरुंगात जाऊन त्या माणसाला राखी बांधली. पुढे त्याची सुटका व्हावी म्हणून कुटुंबाने अर्ज केला आणि २००६ मध्ये तो सुटला. ही गोष्ट आपण चर्चमध्ये अनेकदा ऐकतो, पण दोन तपशील हातातून निसटतात. खून आणि राखी यांच्यात सात वर्षं गेली. आणि दया पोचली तेव्हा न्यायालयाने आपलं काम आधीच केलेलं होतं, कुणी ते थांबवलेलं नव्हतं. तुमची सहा वर्षं झालीत. तुम्ही मागे पडलेल्या नाही.

भावाकडे जायचं का? माझं मत, जा. पण ‘गेलंच पाहिजे’ म्हणून नको. देवाची दया मिळवण्याची फी म्हणून तर मुळीच नको. ती फी भरायला गेलात तर पलंगाशी बसून तुम्ही भावाकडे न बघता स्वतःचे गुण मोजाल, आणि भावाला ते कळेल.

दया करण्याचे तीन मार्ग फॉस्तिनांच्या दैनंदिनीत सांगितलेत: कृती, शब्द आणि प्रार्थना. पहिली दोन जमत नसतील तेव्हा तिसरी तरी हातात असते. तुम्ही उलट्या बाजूने सुरुवात करा. उद्यापासून माळेतला एक दशक, म्हणजे दहा मणी, भावाच्या नावाने म्हणा. ‘त्याला सुधार’ अशी शिकवण प्रार्थनेतून देवाला देऊ नका, नुसतं नाव घ्या. काही दिवस दात-ओठ खाऊन म्हणावं लागेल. चालेल. मग शब्द. वहिनीला फोन करा, कारण निरोप तिने पाठवलाय आणि डायलिसिसचं निम्मं ओझं तिच्या अंगावर आहे. तिला तब्येत विचारा, आणि ‘येईन, पण वाडीचा विषय या भेटीत नको’ असं आधीच सांगून ठेवा.

मग भेट. आजाऱ्याची भेट घेणं हे चर्चने सांगितलेल्या सात शारीरिक दयाकृत्यांपैकी आहे, आणि ते करायला मनात माया दाटून यावी लागत नाही, पाय उचलावे लागतात. डायलिसिसच्या दिवशी चार-चार तास यंत्राला जोडून माणूस गळून जातो, म्हणून मधल्या दिवशी जा. अर्धा तास पुरे. आपल्याकडे आजाऱ्याकडे जाताना हातात केळी, शहाळं, नाहीतर सुकेळी असतातच. ती नेऊ नका. त्यांत पोटॅशियम भरपूर असतं आणि मूत्रपिंड काम करत नसेल तर ते जिवावर बेतू शकतं. पाणीही मोजून प्यावं लागतं. काय चालतं ते वहिनीला विचारा. तिला एक दुपार मोकळी करून देता आली, तर ती त्या घराला कुठल्याही फळापेक्षा जास्त लागेल. पण ते पुढचं, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीचं. पहिल्या भेटीत भावाने माफी मागितली तर ऐकून घ्या, नाही मागितली तर मागायला लावू नका. ‘मी विसरले सगळं’ असं खोटं बोलू नका. ‘दादा, मी तुझ्यासाठी प्रार्थना करते’ हे खरं आहे, तेवढं पुरेसं आहे.

किडनीबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिलीत, पण तुमच्या भीतीचा मोठा भाग तिथे आहे असं मला वाटतं. वहिनीच्या मनात ते असेल किंवा नसेल, त्याचा अंदाज बांधत बसू नका. अवयव देणं हा क्षमेचा पुरावा नाही आणि न देणं हे पाप नाही. चर्च अवयवदानाला थोर दान म्हणतं ते यासाठी की ते कुणी मागून घेऊ शकत नाही, देणाऱ्याने मोकळ्या मनाने द्यायचं असतं. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यातही सख्खी बहीण दाता होऊ शकते, पण तिची संमती खरोखर स्वेच्छेची लागते, आणि डॉक्टर तिची स्वतंत्र तपासणी करतात. विषय निघालाच तर ‘तो प्रश्न मी डॉक्टरांशी आणि घरच्यांशी बोलल्याशिवाय उघडणार नाही’ म्हणा, आणि नकार द्यायचा असेल तर अपराधी न वाटता द्या. एवढं मनाशी ठरलेलं असलं की तुम्ही त्या घराचा उंबरठा निर्धास्तपणे ओलांडाल.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट, कारण प्रत्येकाचा भाऊ आजारी आणि दुबळा नसतो. कुणाच्या घरात मारहाण अजून चालू असेल, दारू पिऊन कुणी अंगावर येत असेल, कुणी आजही फसवत असेल, तर दया म्हणजे त्या माणसाच्या हाताच्या टप्प्यात परत जाणं नव्हे. अशा वेळी त्याच्यासाठी दुरून प्रार्थना करा आणि पोलिसांची, नातेवाइकांची, कुणाचीही मदत घेऊन स्वतःला आणि मुलांना वाचवा. देवाच्या दयेचा दाखला देऊन कुणी तुम्हाला मार खात राहायला सांगत असेल, तर तो देवाचं नाव चुकीच्या कामाला वापरतोय. तसंच, ज्याला क्षमा करायची तो आता हयातच नसेल, तर त्याच्या नावाने मिस्सा सांगा. त्यालाही क्षमाच म्हणतात.

राहता राहिले तुमचे यजमान. त्यांच्यावर रागावू नका. सहा वर्षांपूर्वी तुम्ही रडत घरी आलात तेव्हा तुम्हाला त्यांनीच सावरलं असणार, आणि भावावरचा त्यांचा राग म्हणजे तुमच्यावरची मायाच आहे. त्यांना जबरदस्तीने बरोबर नेऊ नका. ‘मी अमुक दिवशी अर्धा तास जाऊन येणार आहे, वाडीचं किंवा किडनीचं कसलंही आश्वासन देणार नाही, तुम्ही मला सोडायला आलात तर मला बरं वाटेल,’ एवढं सांगा. ते फाटकापर्यंत आले तरी खूप झालं. तुमच्या क्षमेला सहा वर्षं लागली, त्यांच्या क्षमेला त्यांची लागतील.

तुमची,
सदरलेखिका